रक्ताचे नाते आणि मानलेले नाते : कॉन्रड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत

अमेरिकन कथावाङ्मयात ‘फ्रंटियर’ या शब्दाने जे सूचित होते त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. सरहद्द म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दोन राज्यांना विभागणारी रेषा उभी राहते. ती एकदा आखली की स्थिर असते, निदान स्थिर मानली जाते. अमेरिकन सरहद्द ही अशी रेषा नव्हे. ती पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची कड होय. सतराव्या शतकापासून सरकत आलेली ही कड आता उरली नसल्याचे १८९० च्या जनगणनेने नोंदविले, आणि १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने अमेरिकन स्वभाव घडला तो याच कडेवर, असा सिद्धान्त मांडला. पुढील इतिहासकारांनी या सिद्धान्ताची कठोर तपासणी केली. टर्नर ज्या भूमीला मोकळी समजत होता ती मोकळी नव्हती, तेथे माणसे राहत होती, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता आणि तो खरा आहे. तथापि या कडेने कादंबरीकारांना जे पुरविले ते त्या सिद्धान्ताच्या खरेखोटेपणावर अवलंबून नव्हते. तिने त्यांना घर मोडलेली माणसे पुरविली.

सरहद्दीवरील अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबरीचा उगम या मोडलेल्या घरात आहे. प्रवासात आई तापाने किंवा बाळंतपणात जाते, बाप शिकारीच्या नादाने पुढे निघून जातो, भावंडे विखुरतात. आणि मग परस्परांशी रक्ताचा संबंध नसलेली चार माणसे एका छपराखाली येऊन कुटुंब बनतात. विधुर शेतकरी, त्याच्या घरी आलेली अनोळखी स्त्री, वाटेत सापडलेले पोर, कुणाचाच नसलेला म्हातारा, हे या कादंबरीचे नेहमीचे पात्रमंडळ. यामागे वस्तुस्थितीचा आधार होता हे विसरता येत नाही. १८६२ च्या कायद्याने वसाहत करणाऱ्यास १६० एकर जमीन मिळू लागली. एवढी जमीन एकट्याने कसणे अशक्य असल्यामुळे घरात माणसे असणे ही भावनेइतकीच श्रमाचीही गरज होती. १८५४ ते १९२९ या काळात न्यूयॉर्कसारख्या पूर्वेकडील शहरांतून सुमारे दोन लाख अनाथ व निराधार मुले आगगाडीने पश्चिमेकडील घरांत धाडण्यात आली. त्यांतील काहींना आईबाप मिळाले, काहींना केवळ धनी मिळाले. अद्भुतरम्य कादंबरी यांपैकी पहिल्यांची कथा सांगते आणि दुसऱ्यांविषयी बहुधा मौन पाळते.

हे मौन हाच या प्रकाराचा मर्यादाबिंदू होय. त्यात मानलेले नाते हे उत्तर असते. प्रश्न संपला की ते येते आणि ते आले की कादंबरी संपते. जेम्स फेनिमोर कूपरने १८२३ ते १८४१ या काळात लिहिलेल्या पाच कादंबऱ्यांत गोरा शिकारी आणि मोहिकन सरदार यांचे जे बंधुत्व रंगविले, ते उदात्त आहे. परंतु त्याला संतती नाही, घर नाही आणि म्हणून त्याची कसोटीही फारशी लागत नाही. कॅथरिन सेजविकने १८२७ च्या ‘होप लेस्ली’ या कादंबरीत मूळ रहिवाशांच्या घरात गेलेली आणि परत येण्यास नकार देणारी एक गोरी मुलगी रंगविली. तेथे प्रथमच ही कसोटी डोकावते. मानलेले नाते हे उत्तर नसून प्रश्न आहे, हे ओळखून संपूर्ण कादंबरीच त्या प्रश्नावर उभी करण्याचे काम विसाव्या शतकात कॉन्रड रिक्टरने केले. या रिक्टरला मराठीत आणले ते जी. ए. कुलकर्णी यांनी, ही घटना मराठी समीक्षेने जेवढी लक्षात घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली नाही.

रिक्टर (१८९०–१९६८) हा पेनसिल्व्हेनियातील पाइन ग्रोव्ह या लहान गावचा. त्याची कादंबरीत्रयी १९४०, १९४६ आणि १९५० या साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या अखेरच्या भागास १९५१ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. जी. एं.नी १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ही त्रयी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणली; त्याशिवाय ‘रानातील प्रकाश’ आणि ‘स्वातंत्र्य आले घरा’ ही रिक्टरचीच आणखी दोन पुस्तके अनुवादिली. एकाच परकीय लेखकाच्या पाच कादंबऱ्या एका श्रेष्ठ कथाकाराने भाषांतरित कराव्यात, ही मराठीत विरळ गोष्ट आहे. याच दशकात रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) प्रसिद्ध होऊन मराठी ऐतिहासिक कादंबरीला नवे वैभव प्राप्त झाले होते. ‘मोचनगडा’पासून (१८७१) हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’मार्गे चालत आलेल्या या परंपरेत घराणे आधीपासून असते, इतिहास त्याच्या निष्ठेची परीक्षा घेतो. रिक्टरच्या इतिहासात सिंहासन नाही आणि घराणेही नाही. तेथे घर हेच मिळवावयाचे असते.

तिन्ही मराठी शीर्षके याबाबत मोठी बोलकी आहेत. मराठी मनात खेड्याचा जो नकाशा आहे त्यात मधोमध गाव असते, गावाभोवती शिवार असते आणि शिवारापलीकडे रान असते. माणूस गावातून निघून शिवार ओलांडून रानाकडे जातो. रिक्टरची त्रयी याच वाटेने उलट चालते. आधी सूर्यप्रकाश जमिनीवर पडू न देणारे ओहायोचे अरण्य, मग झाडे पाडून काढलेली शेते, मग त्या शेतांवर चढलेले गाव. इंग्रजी शीर्षकांत झाडे, शेते आणि नगर असा केवळ क्रम आहे. मराठी शीर्षकांत मात्र एका परिचित नकाशाची उलथापालथ आहे. शिवाय ‘रान’ या शब्दाची खुबी अशी की शेतकऱ्याच्या बोलीत ‘रानात गेला’ याचा अर्थ शेतावर गेला असाही होतो. अरण्य आणि शेत या दोहोंना सामावणारा हा शब्द त्रयीच्या पहिल्या भागावर ठेवला, तेव्हा पुढच्या भागाचे बीज नकळत त्यात पडले. अनुवाद ही केवळ शब्दांची अदलाबदल नसून एका भाषेच्या भूगोलात दुसऱ्या भाषेचा भूगोल रोवणे होय, याचे हे एक लहानसे पण चांगले उदाहरण आहे.

या त्रयीची नायिका सेवर्ड लकेट. पेनसिल्व्हेनिया सोडून अरण्यात शिरलेल्या एका शिकाऱ्याची ही थोरली मुलगी. आई क्षयाने जाते आणि लहान भावंडांचे आईपण सेवर्डच्या वाट्याला येते. येथपर्यंत कथा नेहमीच्या वळणाची आहे. परंतु नंतर रिक्टर एकेक करून रक्ताची नाती गळू देतो. धाकटी सूली गुरांमागे जाऊन रानात हरवते. तिच्या शोधात निघालेला बाप वर्षानुवर्षे परत येत नाही. एका बहिणीचा नवरा दुसऱ्या बहिणीला घेऊन पळून जातो. ज्या नात्यांना जगाने निसर्गसिद्ध मानले तीच येथे सर्वांत ठिसूळ ठरतात. उरते ते सेवर्डने स्वतःच्या निर्धाराने घडविलेले घर. आणि त्या घराचा आरंभसुद्धा दारूच्या भरात गावकऱ्यांनी केलेल्या एका थट्टेतून जुळलेल्या लग्नाने होतो. पोर्शियस व्हीलर हा विद्वान पण विस्कटलेला वकील आणि निरक्षर सेवर्ड यांच्यात प्रेमकथेला लागणारे काहीच नाही. ज्याला अद्भुतरम्य म्हणावे असे या लग्नात काही असेल, तर ते म्हणजे ते टिकते ही गोष्ट. आणि ते टिकते तेही नवऱ्याच्या प्रतारणेसकट. हरवलेली सूली त्रयीच्या पुढील भागात सापडते ती एका मूळ रहिवाशाची पत्नी म्हणून. बहिणी तिला भेटावयास जातात, पण त्यांच्याकडे परत येण्याची तिला इच्छा नसते. हरवलेली व्यक्ती सापडणे हा अद्भुतरम्य कथेचा परमोच्च आनंदक्षण होय. येथे नेमक्या त्याच क्षणी नाते संपल्याचे कळते.

सूलीच्या प्रसंगात जो प्रश्न ओझरता येतो तोच ‘रानातील प्रकाश’चा एकमेव विषय आहे. मूळ कादंबरी १९५३ ची. तिच्यामागील घटना १७६४ मधली. त्या वर्षी कर्नल हेन्री बुके याने ओहायोच्या खोऱ्यात सैन्य नेऊन लेनापे, शॉनी इत्यादी जमातींना त्यांच्याजवळचे सर्व गोरे बंदी परत करण्यास भाग पाडले. दोनशेहून अधिक माणसे परत केली गेली. त्यांत लहानपणी पळवून आणलेली आणि आता दुसरी कोणतीच भाषा न येणारी मुले होती, नवरा आणि लेकरे असलेल्या स्त्रिया होत्या. तत्कालीन वृत्तान्तांतच असे नमूद आहे की यांपैकी काहींना बांधून आणावे लागले आणि काही स्त्रिया संधी मिळताच पळून पुन्हा अरण्याकडे गेल्या. मुक्ततेला विरोध करणारे हे बंदी पाहून मुक्त करणारे चकित झाले. रिक्टरच्या कादंबरीला प्रेरणा मिळाली ती याच आश्चर्यातून.

या बंद्यांचे कोडे उलगडण्यास त्या जमातींतील दत्तकविधीची माहिती आवश्यक आहे. युद्धात वा रोगराईत गेलेल्या माणसाची जागा रिकामी राहू नये, म्हणून पकडून आणलेल्या एखाद्यास विधिपूर्वक त्या मृताच्या जागी बसविण्याची चाल ईशान्येकडील अनेक जमातींत होती. १७५८ मध्ये पकडली गेलेली मेरी जेमिसन ही मुलगी युद्धात भाऊ गमावलेल्या दोन सेनेका बहिणींनी आपली बहीण म्हणून स्वीकारली. तिने पुढे परतण्याची संधी नाकारली आणि १८३३ मध्ये ती सेनेका म्हणूनच वारली. तिचे आत्मकथन १८२४ मध्ये छापले गेले. या विधीत दत्तक घेतलेला हा ‘मुलासारखा’ नसतो, तो मुलगाच असतो. रिक्टरचा नायक चार वर्षांचा असताना पळविला गेलेला जॉन बटलर. कायलोगा हा लेनापे योद्धा आपल्या मेलेल्या मुलाच्या जागी त्याला घेतो, मंत्रोच्चाराने त्याच्यातील गोरे रक्त काढून तेथे आपले रक्त घालतो, आणि ‘खरा पुत्र’ अशा अर्थाचे नाव त्याला देतो. अकरा वर्षांनी सैन्य येऊन सांगते की हा पुत्र खोटा आहे.

येथे मराठी वाचक या कादंबरीत अशा दाराने प्रवेश करतो जे अमेरिकन वाचकाला उघडे नाही. ‘मानलेला भाऊ’, ‘धर्माची बहीण’, ‘मांडीवर दिलेला मुलगा’, ‘ओटीत घातलेले मूल’ हे शब्दप्रयोग मराठी संसाराचे रोजचे चलन आहेत. धर्मशास्त्राने दत्तकविधानाला जे स्वरूप दिले त्यात मुलगा जन्मकुळाचे गोत्र सोडून नव्या कुळाचे गोत्र घेतो. कायलोगाने मंत्राने रक्त बदलले असे सांगितले, तर इंग्रजी वाचकाला ती आदिम समजूत वाटेल. मराठी वाचकाला त्यात दत्तहोमाची ओळखीची छाया दिसेल. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने तर हे अधिकच निरपवाद केले. विधियुक्त दत्तक एकदा झाले की ते दत्तक पित्यालाही रद्द करता येत नाही आणि मुलालाही जन्मकुळात परतता येत नाही. मानलेले नाते रक्ताच्या नात्याइतकेच अभंग आहे, असे या परंपरेचे म्हणणे आहे.

आणि हे म्हणणे सत्तेने मोडीत काढले जाते तेव्हा काय होते, याचीही मराठी इतिहासाला जखम आहे. दत्तक पुत्राला संस्थानाचा वारस मानण्यास लॉर्ड डलहौसीच्या सरकारने नकार दिला आणि १८४८ मध्ये सातारा, तर १८५४ मध्ये नागपूर व झाशी ही राज्ये खालसा झाली. दुसऱ्या बाजीरावाचा दत्तक पुत्र नानासाहेब यास पेशव्याचे वार्षिक वेतन पुढे चालू ठेवण्यात आले नाही. खाजगी मालमत्तेपुरते दत्तक इंग्रजांनी मान्य केले होते. जेथे राज्याचा प्रश्न होता तेथेच रक्ताची अट घातली गेली. म्हणजे नाते खरे की खोटे हे तत्त्वाने नव्हे तर सोयीने ठरत होते. बुकेची छावणी आणि डलहौसीची कचेरी यांच्यात ऐंशीनव्वद वर्षांचे आणि एका महासागराचे अंतर आहे, आणि दोन्ही प्रसंग सर्वांशी सारखे नाहीत; एकात राज्य गेले, दुसऱ्यात मूल गेले. तथापि विजेत्याने पराभूताला ‘तुझा मुलगा हा तुझा मुलगा नव्हे’ असे सांगणे दोहोंत समान आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीने या वाक्याचा राजकीय अर्थ पुष्कळ वेळा सांगितला. ते वाक्य ऐकणाऱ्या मुलाच्या मनात काय घडले असेल, हे शोधण्याचे काम मात्र तिने क्वचितच केले. ‘रानातील प्रकाश’ ते काम दुसऱ्या भूमीवर करते.

रिक्टरचा मोठेपणा असा की मानलेल्या कुटुंबाचा कैवार घेऊन तो थांबत नाही. जन्मदात्या घरात परत आणलेल्या या मुलाला जो काका भेटतो तो पॅक्स्टनच्या टोळीतला आहे. या टोळीने डिसेंबर १७६३ मध्ये कोनेस्टोगा जमातीच्या वीस निरपराध माणसांची हत्या केली होती. ज्याला सुधारलेले घर म्हणतात त्याच्या उंबऱ्यावर हे रक्त आहे. पण त्याच घरात मुलगा पळविला गेल्यापासून खचलेली आई आहे, आणि नव्या भावावर निःशंक माया करणारा धाकटा गॉर्डी आहे. उलट बाजूस, कायलोगाचे प्रेम खरे असले तरी त्या प्रेमाची सुरुवात एका हल्ल्यात आणि एका पळविलेल्या मुलात झालेली आहे. मुलगा पळून पुन्हा अरण्यात येतो, तेव्हा त्याला आपल्या मानलेल्या भावंडांच्या हातांत लहान मुलांच्या डोक्यांची कातडी दिसते. नावेतील वसाहतकऱ्यांना किनाऱ्याकडे ओढण्यासाठी आमिष म्हणून त्याला उभे केले जाते. नावेत गॉर्डीसारखे एक पोर दिसते आणि त्याच्या तोंडून इशाऱ्याची हाक निघून जाते. त्या एका हाकेने तो दोन्ही घरांना मुकतो. जमातीच्या शिक्षेपासून त्याचा जीव कायलोगा वाचवितो, आणि नंतर त्याला गोऱ्यांच्या वाटेपर्यंत पोहोचवून पुत्रपणातून मुक्त करतो. पुढे भेट झालीच तर ती शत्रू म्हणून होईल.

दत्तक रद्द करता येत नाही असे भारतीय कायदा सांगतो. कायलोगा ते रद्द करतो. या प्रसंगाचा अर्थ लावताना त्याला निर्दय ठरविणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. रक्ताच्या नात्याला कारण लागत नाही, म्हणून त्याला अटही नसते. मानलेले नाते निष्ठेच्या शब्दावर उभे असते, आणि शब्दावर उभे राहिलेले शब्द मोडताच कोसळते. मुलाची हाक ही माणुसकी होती आणि तीच निष्ठेचा भंगही होती. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांपैकी एक खोटे ठरवून वाचकाला दिलासा देण्याचे रिक्टर नाकारतो. सर्वसाधारण अद्भुतरम्य कादंबरी ज्या ठिकाणी आपल्या माणसांना एका चुलीभोवती बसवून निरोप घेते, त्याच ठिकाणी ही कादंबरी एका पंधरा वर्षांच्या मुलाला दोन बापांच्या मध्ये, बापाविना उभा करते.

जी. ए. कुलकर्णी यांना ही कादंबरी जवळची का वाटली असावी, याचा शोध त्यांच्या चरित्रात न घेता त्यांच्या कथांत घेणे अधिक श्रेयस्कर. बेळगाव-धारवाडच्या मराठी-कानडी सीमाभागात हयात घालविलेल्या या लेखकाच्या ‘निळासावळा’ (१९५९) पासूनच्या कथांत घर ही आश्रयाची जागा क्वचितच असते. ‘कैरी’ या कथेतील पोरके मूल आणि त्याला आपल्या घरी नेणारी मावशी यांच्यातील माया अपार आहे. परंतु त्या मायेला ज्या घरात राहावयाचे आहे ते घरच तिचे वैरी आहे. प्रेम खरे असणे आणि प्रेम पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जी. एं.ची जाणीव रिक्टरच्या जाणिवेशी येथे जुळते. फरक आहे तो दोघांच्या विश्वकल्पनेत. जी. एं.च्या कथेत माणसाला चिरडणारी शक्ती बहुधा नियतीच्या रूपाने येते, तिला चेहरा नसतो. रिक्टरच्या कादंबरीत तिला तारीख आहे, सेनापतीचे नाव आहे, तहाची कलमे आहेत. नियतीच्या लेखकाने इतिहासाच्या लेखकाचे भाषांतर केले, आणि मराठी वाचकाला या दोन शक्तींची तुलना करण्याची संधी मिळाली.

मराठीत नात्यांचे शब्द विपुल आहेत, आणि या विपुलतेने अनुवादकाची वाट सुकर होण्याऐवजी बिकट होते. इंग्रजीतील एकाच संबोधनाला येथे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत निवड करावी लागते. पुन्हा भेटलेल्या जन्मदात्या बापाला मुलगा ‘तुम्ही’ म्हणेल, तर त्यात आदर आहे की परकेपणा? मानलेल्या बापाशी ‘तू’ म्हणून बोलेल, तर ते जवळीक ठरेल की अरण्यातील रीत? मराठीत यातून सुटका नाही. प्रत्येक वाक्याला आपण कोणते घर खरे मानतो हे सांगावेच लागते. इंग्रजी कादंबरीने अखेरच्या पानापर्यंत झाकून ठेवलेला निर्णय मराठी क्रियापदाला पानोपानी द्यावा लागतो. भाषेची ही अडचण त्या मुलाच्याच अडचणीचे प्रतिरूप होय.

मानलेल्या नात्याला उत्तर समजणाऱ्या कादंबऱ्या पुढेही लिहिल्या जातील आणि वाचल्याही जातील. विखुरलेल्या माणसांना चुलीभोवती बसलेले पाहण्याची वाचकाची भूक खोटी नाही. परंतु ज्या भाषेत मूल ओटीत घालतात, ज्या समाजाने दत्तकावरून राज्ये गेलेली पाहिली, त्या भाषेला आणि त्या समाजाला याहून अवघड प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे: नाते कोण घडवितो, ते मोडण्याचा हक्क कोणाचा, आणि मोडल्यावर जे मूल मधल्या वाटेवर उरते त्याने कोणाच्या नावाने हाक मारावी? रिक्टरच्या पाच कादंबऱ्या मराठीत आल्याने हे प्रश्न मराठी कादंबरीच्या अंगणात आले आहेत. त्यांना सातारा, झाशी किंवा स्वतःच्या गावशिवारातील एखाद्या दत्तक मुलाच्या मुखाने बोलते करणे, हे पुढल्या मराठी ऐतिहासिक कादंबरीचे काम आहे.